मी पुकारलेली गुंडूची कुस्ती

मी कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलणारा माणूस. पंचवीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या जत्रांतून घसा फोडतोय. माझं नाव कृष्णात. कृष्णात बोलला की पैलवान मोठा होतो, असं लोक म्हणायचे आणि मीही मान हलवून ऐकून घ्यायचो. गुंडू पैलवानाचं जे झालं त्यानंतर मात्र कुणी असं म्हटलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

गुंडू मूळचा चंदगडकडचा. बाराव्या वर्षी बापाने एसटीत घालून आणला आणि कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीत सोडला. पहिला महिना नुसता रडलो, असं तो स्वतःच सांगायचा. पुढे त्याने जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. ढाक हा त्याचा डाव. समोरच्याच्या मानेला हात घालून कमरेच्या झटक्यात असा फेकायचा, की तो गडी उठल्यावर आधी आभाळाकडे आणि मग पंचांकडे बघायचा. पेठ वडगावजवळच्या एका गावी दरसाल मोठं मैदान भरतं. तिथे हा ओळीने चौदा वर्षं लढला आणि एकदाही त्याची पाठ मातीला लागली नाही. छत्तिसाव्या वर्षी गुडघा कुरकुरायला लागल्यावर शहाण्यासारखा थांबला. गावाने फेटा बांधला, मिरवणूक काढली. इतका वेळेवर थांबलेला दुसरा पैलवान मला माहीत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता जो तो म्हणतो की गुंडूला थांबायचं कळलं नाही.

थांबल्यावर त्याने म्हशी घेतल्या. रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस बांधायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाचा पेला त्याच्या हातात द्यायचा. वर सुनवायचा, "नुसतं दूध पिऊन काय हुतंय? सकाळी जोर मार की दोनशे!" गिऱ्हाईक हसत दुसरा पेला मागायचं. जुनी माणसं त्याच्याकडेच यायची, कारण दुधाबरोबर चौदा वर्षांतली एखादी कुस्ती फुकट ऐकायला मिळायची. कोण, कुठला, कितव्या मिनिटाला पडला, सगळं त्याला तोंडपाठ. सुखात होता गडी.

दोन वर्षांपूर्वी त्याच गावाने त्याला आखाड्याच्या पूजेला मानाने बोलावलं. पन्नाशीला टेकला होता. पांढराशुभ्र शर्ट, नवा फेटा. नारळ फोडला, चिमूटभर माती कपाळाला लावली, आणि हलगी कडाडली तसा भर आखाड्यात त्याने शड्डू ठोकला.

इथे रीत सांगायला हवी. आमच्याकडे मैदानात उभं राहून शड्डू ठोकला, म्हणजे मांडीवर थाप मारली, की ते कुस्तीचं आव्हान. कुणी येऊन हात मिळवला तर मागे हटता येत नाही. पण मानाच्या पाहुण्याचा शड्डू कुणी मनावर घेत नाही. लोक टाळ्या वाजवतात, माइकवाला दोन शब्द गोड बोलतो आणि पाहुणा खुर्चीवर जाऊन बसतो. असे कितीतरी पाहुणे मी सुखरूप खुर्चीवर बसवलेत. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडाला चेव चढला.

"शड्डू घुमलाय, मंडळी!" मी ओरडलो. "चौदा वर्षं ह्या मातीत पाठ न लागलेला गडी! हाय का कोण हात मिळवणारा?"

हातकणंगल्याकडचा वृषभ नावाचा सव्वीस वर्षांचा पैलवान तेव्हा मैदानात फिरत होता. त्याचा जोडीदार आलाच नव्हता, म्हणून तो दुसरी कुस्ती मागत होता. तो पुढे आला, गुंडूच्या पाया पडला आणि उभा राहून त्याने हात पुढे केला. गरीब पोरगं, त्याला वाटलं ठरवूनच चाललंय. गुंडूने माझ्याकडे बघितलं. 'हा नुसता मान आहे, मंडळी,' एवढं मी बोलायला हवं होतं. पाच शब्द. मी माइक तोंडाशी धरून गप्प राहिलो, कारण मलाही ती कुस्ती बघायची होती. खोटं कशाला बोलू?

आणि गुंडूने हात मिळवला. त्याच्या डोळ्यांत काय चमक आली होती म्हणून सांगू!

कुणाचा तरी लंगोट मागून आणला. फेटा उतरला, शर्ट उतरला आणि पोट दिसलं तसे लोक हसले. पहिलं अर्धं मिनिट त्याने वृषभला हलू दिलं नाही, मैदान उठून उभं राहिलं. मग त्याने ढाकेला हात घातला. मान बरोबर धरली, कंबर वळली, पण गुडघा वळला नाही. वृषभ मागे सरकला, त्याने गुंडूला उचलला आणि चीत केला. अवघी दोन मिनिटं. वृषभच रडवेला झाला होता, त्याला उठवून अंगाची माती झाडत होता. आणि लोक शिट्ट्या मारत होते.

कुणीतरी ते मोबाइलवर धरलं होतं. 'म्हाताऱ्याची जिरवली' असं नाव देऊन सोडून दिलं. आठवडाभरात जिल्हाभर झालं. दूध कट्ट्यावर नवीन पोरं येऊन विचारायची, "त्या व्हिडिओतलं पैलवान तुमीच न्हवं?" हा म्हणायचा, "व्हय," आणि पेला पुढे करायचा. जुनी माणसं यायची, पण आता कुस्तीचा विषय कुणी काढेना. त्यांना वाटायचं, याला लागेल. काही दिवसांनी तीही यायची कमी झाली.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी निशिगंधा माझ्या घरी आली. शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, फोनवर बाबांचं नाव टाकलं की तेवढी एकच कुस्ती दिसती. बाकीच्या कुठं हायत?"

कुठे असणार? त्या काळात कुणाच्या खिशात कॅमेरा होता? चौदा वर्षांतले तालमीतल्या भिंतीवरचे दोन फोटो, आणि उरलेलं सगळं माझ्या तोंडात. तिने फोन समोर ठेवला. म्हणाली, तुम्ही सांगा, मी तेही टाकते. मी जोरात सुरुवात केली. बेळगावकडच्या पैलवानाबरोबरची पाऊण तासाची कुस्ती, अख्खं मैदान उभं. शेवटाला आलो आणि अडलो. ढाकेवर पडला की घिस्सा डावावर? पंचवीस वर्षं गावागणिक रंगवून सांगितलेली ती कुस्ती. त्यात खरं काय होतं ते माझं मलाच कळेना. लाज वाटली. तिला म्हटलं, थांब, बापालाच विचारून येतो.

तो धार काढत होता. मी शेजारी उकिडवा बसलो. आधी दोन वर्षं घशात अडकलेलं बोललो. "गुंडू, चूक माझी हाय. मी पुकारायला नगं हुतं."

"तू नुसता पुकारलास," तो म्हशीच्या कासेवरचे हात न थांबवता म्हणाला. "उतरलो मी. माझ्याबी मनात हुतंच की."

मग मी बेळगावच्या कुस्तीचं विचारलं. कशावर पडला होता तो?

त्याचे हात थांबले.

"न्हाय आठवत," तो म्हणाला. "आदी डोळं मिटलं की सगळ्या दिसायच्या. आता ती वृषभची तेवढीच दिसतीया."

माझे डोळे भरून आले, ते त्याला दिसू नयेत म्हणून मी म्हशीकडे बघत बसलो. त्याने पेला भरून माझ्या हातात दिला.

"तुला येतीया तशी सांग लेकीला," तो म्हणाला. "मीबी येतो ऐकाय."