वसुधाचं च्युइंगगम

वाचनालयात समोरच्या मुलीचा जबडा संथपणे हलताना पाहिला आणि माझी मैत्रीण वसुधा आठवली. कधी सिगारेट न ओढलेली वसुधा प्रबंध लिहिताना सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी मिळणारं निकोटिनचं च्युइंगगम चघळू लागली होती.

"अगं, डोकं कसं लख्ख चालतं!" म्हणायची. आणि चालायचंही. प्रबंध संपला, पदवी मिळाली, पण गम सुटलं नाही.

एकदा सिनेमाला गेलो, तर मध्यंतराआधीच ती चुळबुळत उठली. पर्समधलं गमचं पाकीट संपलं होतं. बाहेर पायरीवर बसून म्हणाली, "पूर्वी जास्त लक्ष लागावं म्हणून घ्यायचे. आता चारचौघांइतकं लागावं म्हणून घेते."

"औषधाचं दुकान शोधू या का?" मी विचारलं.

तिने रिकामं पाकीट चुरगळून पर्समध्ये टाकलं. मग म्हणाली, "नको. पण आज मला एकटीला सोडू नकोस."