पाइपाचं वळण

आज मी शिकवतो त्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तापलेल्या धातूचा वास आला आणि रे रोडच्या भंगारवाल्या शेवंताबाई आठवल्या. मी तेव्हा नवाच इंजिनियर होतो. त्यांच्या स्टेनलेसच्या पाइपाला माझं लोहचुंबक चिकटलं. चांगल्या स्टेनलेसला ते चिकटत नाही, म्हणून मी चारचौघांत म्हणालो, "माल खोटा आहे."

त्या चिडल्या नाहीत. "साहेब, वाकलाय तिथे लावलंत. सरळ जागी लावा."

तिथे लोहचुंबक चिकटेना. मग बाईंनी गॅसवर ते वळण लालभडक तापवून निवू दिलं. माझं लोहचुंबक मागून घेऊन तिथे लावलं. आता तिथेही चिकटेना. अशा निकेलच्या स्टेनलेस पोलादातली अणूंची मांडणी वाकवल्यावर बदलते, म्हणून तिथे चुंबक चिकटतं, आणि तापवल्यावर पूर्ववत होते, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. बाईंना ते हाताला ठाऊक होतं.

लोहचुंबक परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "चांगलं आहे हो तुमचं चुंबक."

तेव्हा मला ते कौतुकच वाटलं होतं.