पांढऱ्या कापडाला पांढरंच अस्तर

"मूळ उभं चिरलंय, काकू. हा दात राहणार नाही." डॉक्टर मॅडमनी एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलं. वरचा, अगदी समोरचा दात! मी तोंडावर जो हात ठेवला तो वर्षभर काढलाच नाही.

मी तळेगावची, लग्न होऊन वर्ध्याला आले. तीस वर्षं ब्लाऊज शिवले आणि तीस वर्षं दोरा दातानंच तोडला. कैची बाजूलाच पडलेली असायची, पण उचलतं कोण! मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा खाली मान घालून कबूल केलं.

दात काढला. जखम भरल्यावर इम्प्लांट बसवलं, म्हणजे हाडात टायटॅनियम धातूचा स्क्रू. तो हाडाशी एकजीव व्हायला काही महिने लागणार होते. तोवर काढता-घालता येणारा दात दिला.

तिसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकासमोर मी सवयीनं दोरा दातात धरून हिसका दिला, आणि दात टाळूच्या पट्टीसकट तिच्या नव्याकोऱ्या ब्लाऊजवर! बाप्पा! ती बाई पोट धरून हसली. मलाही हसू फुटत होतं, पण ते हाताखालीच दाबलं. मग मात्र रडू आलं. यांना म्हटलं, "मले माझं हसू वापस पाहिजे."

अखेर अबटमेंटचा दिवस आला. अबटमेंट म्हणजे खालचा स्क्रू आणि वरचा दात यांना जोडणारा मधला खुंट. मी आधीच सांगून ठेवलं होतं, मजबुतातला मजबूत द्या. मॅडमनी धातूचा लावून पाहिला. आरशात पाहते तर हिरडीची कड काळपट निळी! माझी हिरडी पातळ आहे, म्हणून खालचा धातू दिसतो, असं त्या म्हणाल्या. मला तर लख्खच समजलं.

"मॅडम, पातळ पांढऱ्या कापडाले काळं अस्तर लावलं, तं दिसनारच ना!"

मॅडम इतक्या खूश झाल्या की बाजूच्या डॉक्टरांनाही त्यांनी ते ऐकवलं. मग झिरकोनियाच्या खुंटाचं सांगितलं. तो दातासारखा पांढरा, चिनी मातीच्या जातीचा.

"पण काकू, धातू हिसका सोसतो, हा तडकू शकतो. दोरा तोडायचा नाही. एकदाही नाही. जमेल?"

मी लगेच हो म्हटलं नाही. पंधरा दिवस मागून घेतले. घरी येऊन कैचीला नाडी बांधली आणि गळ्यात घातली. तोंड दोऱ्याकडे वळलं की हे शेजारून टोकायचे, "काऊन वं?" पहिल्या दिवशी त्यांचा घसा बसला. शेवटचे चार दिवस त्यांना काही बोलावंच लागलं नाही. मग मी पांढरा खुंट मागवायला सांगितला.

तुमच्यावर ही वेळ आली तर नुसतं "मजबूत द्या" म्हणू नका. आपली हिरडी कशी आहे ते विचारा. आणि आपली खोड लपवू नका, डॉक्टर काही सासू नाही.

दात बसला त्या आठवड्यात तीच बाई आली. मी ब्लाऊजचा दोरा तोडताना तिला तो दिवस आठवला आणि आम्ही दोघी खो-खो हसत सुटलो. ती गेल्यावर हे म्हणाले, "अवं, आज हसताना तोंडावर हात नाई ठेवला?"

ठेवणार कसा? हातात कैची होती.