पायऱ्यांच्या जागी उतार

आमचं हदगावचं घर बाबांनी मास्तरकीच्या पगारात बांधलं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी आणि परसात संडास. घर लहानच, पण जोतं कमरेच्या वर. ओट्यावर जायला घडीव दगडाच्या पायऱ्या होत्या. गल्लीत कुणाला पत्ता सांगायचा तर लोक म्हणायचे, उंच जोत्याचं घर.

या उंचीला कारण होतं. बाबांचं लहानपण त्यांच्या मूळ गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीत गेलं. ओढा फुगला की पाणी चुलीपर्यंत यायचं. म्हणून त्यांच्या चुलत्यानं एका उन्हाळ्यात घरापुढं हातभर ओटा घातला. वरच्या आळीतली चार माणसं आली, तुमच्या वस्तीला ओटा कशाला म्हणाली, आणि त्यांनी तो त्याच्याच हातानं उकरायला लावला. बाबा तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होते. पुढं बौद्ध धम्माची दीक्षा झाली, नोकरी लागली, हदगावात जागा घेतली. गवंड्याला त्यांनी आधी खोल्यांचं काही सांगितलंच नाही. जोतं किती उंच, तेवढं सांगितलं.

मी लग्नानंतर लातूरला होते. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि तिथल्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली होती. कचेरीच्या खोल्या भाड्याच्या, टेबलं कमी, माणसं जास्त. त्यात दुष्काळ. आमच्या टेबलावर सगळे अर्ज टँकरचेच असायचे. हदगावातही तीच गत. गल्लीच्या तोंडाला टँकर थांबायचा आणि माय घागर घेऊन रांगेत उभी राहायची. बाबा म्हणायचे, मी आणतो. ती ऐकायची नाही.

एका सकाळी भरली घागर कमरेवर घेऊन ती वरच्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडच्या दवाखान्यात सळई घातली, पण जखम चिघळली आणि पायात पहिलं बळ काही आलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आधार धरून घरातल्या घरात चालेल, पायऱ्या मात्र आता विसरा. घरी आणताना चौघांनी तिला बाजेसकट वर चढवलं. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत होती. ओट्यापर्यंत यायची, पण खाली उतरणं नाही. मागचं परस भिंतींनी बंद, जमीन पुढच्यापेक्षा उंच, तरी संडासाला तीन पायऱ्या उतराव्या लागत. तिचं सगळं बाजेजवळच करावं लागे. बाबाच करायचे, आणि ती तोंड भिंतीकडं फिरवून घ्यायची. जन्मभर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ उरकणारी बाई. ते बघवत नव्हतं.

मी तिला लातूरला चल म्हटलं. ती म्हणाली, तुझं घर जिन्यावर, तिथंही मी वरच अडकणार. शिवाय लेकीच्या घरी पाणी मागायचं, आणि लातुरात तर पाणीच नाही.

मग मी रजा घेतली आणि मिस्त्रीला बोलावलं. त्यानं घर फिरून पाहिलं. परसातल्या पायऱ्या बुजवून तिथं उतरती वाट, संडासात बसायला खुर्चीसारखा उंच कट्टा, न्हाणीत गुळगुळीत शहाबादी काढून खरबरीत फरशी, भिंतींना धरायला लोखंडी पाइप, आणि दाराच्या उंबऱ्याचं लाकूड कापून टाकायचं. इथपर्यंत बाबा होकाराची मान हलवत होते. मग मिस्त्री पुढच्या पायऱ्यांकडं वळला. या काढाव्या लागतील, म्हणाला, आणि जोतं एवढं उंच की उतार घराला वळसा घालून न्यावा लागेल. नाहीतर पुढचा एक थर काढून ओट्याचं जोतंच खाली घेऊ.

बाबा आत गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तर त्याला म्हणाले, मागचं तेवढं कर. पुढं हात लावू नको. मी त्यांना समजावायला गेले तर ते पेपर उघडून बसले. दोन दिवस मिस्त्री मागचंच काम करत राहिला. मायला सगळं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी भाकर खाता खाता तिनं बाबांना हाक मारली.

"जोत्याचा मुरूम कुणी वाहिला?"

बाबा दारात उभे राहिले.

"तुमी शाळंत होता. मी माझ्या डोईवर वाहिला, ही पोरगी पोटात असताना. जोतं ऱ्हाऊ द्या, मला बी ते खाली घ्यायचं न्हाई. पायऱ्या मोडा. मी घरात हाय का कोंडवाड्यात, तेच मला कळून न्हाई राहिलं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मोडतो," म्हणाले.

पायऱ्या फोडायच्या दिवशी ते सकाळीच बाजारात निघून गेले. दुपारी आले तेव्हा दगड अंगणभर पडले होते. त्यांनी टोपी काढून ठेवली आणि एकेक दगड उचलून भिंतीकडेला रचायला लागले. मिस्त्री राहू द्या म्हणाला, तरी थांबले नाहीत.

अडचण पाण्याची होती. नव्या सिमेंटला पाणी मारलं नाही तर ते तडकतं, आणि इथं प्यायला पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात गावात दुसरं कुणीच बांधकाम काढलं नव्हतं. आम्ही उतारावर पोती अंथरली. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, मायचं अंग पुसलेलं, सगळं पाणी बादलीत साठवायचं आणि पोत्यांवर शिंपडायचं. हे काम बाबांनी घेतलं. ज्या उताराकडं आधी ते पाहत नव्हते, त्याच्यावर वाकून हातानं पोती सारखी करताना मी त्यांना पाहिलं. माय बाजेवरून विचारायची, पोतं वाळलं का. वाळलं असलं की आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी द्यायची. तू पी, असं बाबा म्हणायचे. तिनं तहान मारून पाणी ठेवलेलं असायचं हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

चाकांची खुर्ची मी नांदेडहून एसटीच्या टपावर टाकून आणली. उतार वाळला तेव्हा वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती. मायनं तोवर थांबायचं ठरवलं. त्या दिवशी पांढरं लुगडं नेसली, केसांना तेल लावून घेतलं. बाबांनी खुर्ची मागून धरली आणि पाऊल पाऊल टाकत तिला खाली नेलं. वळणावर ती म्हणाली, हळू. विहारात बाया तिच्याभोवती बसल्या. तिनं एकेकीला लेकरांचं, सासूचं, विहिरीचं विचारलं, जणू परगावाहून आली होती. वंदना सुरू झाली तेव्हा तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

माझी रजा संपली. नंतरचं मला बाबांकडून कळलं. ती रोज सकाळी गल्लीत लिंबाखाली बसायची, भाजी निवडायची, टँकर आला की रांगेतली भांडणं बसल्या जागेवरून मिटवायची. संडासला आपली आपण जाऊ लागली होती. तेच तिला सगळ्यांत मोठं वाटायचं, असं बाबा म्हणाले.

आषाढ लागला तरी आभाळ कोरडंच होतं. खुब्याची जखम पुन्हा उघडली, ताप चढला, आणि नांदेडला न्यायची तयारी चालू असतानाच माय गेली. मी लातूरहून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. तिला त्याच उतारावरून खाली नेलं. खांदा देणाऱ्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं की उतार आहे म्हणून सोपं गेलं. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. बाबांनी मात्र ते ऐकलं आणि पुढं चालता चालता मधेच थांबले. मागच्या माणसांना त्यांना धरून चालवावं लागलं.

बाबांना मी लातूरला चला म्हटलं. ते आले नाहीत. एकट्यानं कसं जमेल, असं विचारलं तर त्यांनी मला न्हाणी दाखवली, पाइप दाखवले. सगळं केलेलं आहे, म्हणाले. केलेलं होतं खरं, पण मायच्या मापानं. ती बुटकी, बाबा सहा फुटांजवळ. पाइप धरायला त्यांना वाकावं लागे, आणि वाकलं की पाठीत कळ येई. मिस्त्रीला बोलावून वर घेऊ, असं मी दर खेपेला म्हणायचे. पुढच्या खेपेला बघू, असं ते दर खेपेला म्हणायचे. म्हातारपणी त्यांची पाठ इतकी वाकली की पाइप मग बरोबर हाताला येऊ लागले.

ते त्या घरात एकटेच राहिले, शेवटपर्यंत. एकदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ओट्यावर बसलो होतो. एवढं सगळं मोडलं, तुम्हाला वाईट वाटतं का, असं मी विचारलं.

"लवकर मोडायचं होतं," बाबा म्हणाले. "ती लई दिवस आत पडून राहिली."

मग त्यांनी माझ्या बसची वेळ विचारली आणि शिदोरी बांधायला आत गेले.