नऊ वर्षांची साक्षीदार

कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाल्यावर काही वर्षांनी मी मुलांच्या कोर्टात प्रोबेशन ऑफिसर म्हणून लागले. मुलाची चौकशी करायची, घर पाहायचं आणि त्यानं कुठं राहावं हे मॅजिस्ट्रेटांना लिहून द्यायचं, असं ते काम.

त्या हिवाळ्यात आमच्याकडं नऊ वर्षांची एक मुलगी आली. आई नव्हती. बापानं शाहूवाडीकडच्या खेड्यातून आणून तिला शहरातल्या एका घरी कामाला ठेवलं होतं. शेजारच्या शिक्षिकेनं तिच्या पाठीवरचे डाग पाहिले आणि तिला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं : तापल्या लोखंडाचे चटके, काही जुने, काही ताजे.

मुलगी मात्र कुणाशीच बोलेना. कोर्टात मालकिणीचे वकील म्हणाले, "पोर चुलीवर पडली."

मॅजिस्ट्रेटांनी मालकिणीला बाहेर बसायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची सोडून मुलीशेजारी बाकावर येऊन बसले.

"बाळ, भाकरी येते का तुला?"

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "येती की. रोज ईस करतो."

"वीस? मला एकसुद्धा जमत नाही. आणि करपली तर?"

"मग बाई उलथनं तापवत्यात," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. जगात सगळीकडं असंच असतं, असं तिला वाटत असावं.

साहेबांनी तिचे शब्द स्वतःच्या हातानं जबाबात लिहून घेतले. मालकिणीला शिक्षा झाली, पण फार थोडी. त्याचा राग मला अजून येतो.

आता मुलीला ठेवायचं कुठं? बाप कोर्टाच्या पायरीवर रडला, "पोटाला मिळंल म्हणून ठिवली हुती, बाई." मला त्याचं खरं वाटलं, तरी पुन्हा तेच होईल अशी धास्ती होती. म्हणून मी त्यांच्या गावी गेले. तिथं त्याची विधवा बहीण भेटली. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "पोरीला दूध लई आवडतं, पण ती मागायची न्हाय. माझ्याकडं म्हस हाय. कवा धाडताय तिला?"

मी अहवालात आत्तीचंच घर सुचवलं. साहेबांनी मान्य केलं, दर तीन महिन्यांनी मी पाहून यायचं या अटीवर.

पहिल्या दोन्ही खेपांना मुलगी दाराआड उभी राहिली. तिसऱ्या खेपेला मी अंगणात पोचले तर आतून तिचा आवाज, "न्हाय जायाची मी पाण्याला! तूच जा!"

आत्ती ओशाळून बाहेर आली. "बघा की बाई, कशी उलटून बोलाय लागलीया. तुमीच सांगा तिला काय तरी."

मी आत्तीनं दिलेला चहा पीत बसले. त्या दिवशी अहवालात लिहिलं, "मुलगी हट्ट करते. प्रकृती उत्तम."