हात लावायचा नाय

"हात लावायचा नाय."

नानांच्या टेबलाजवळ कुणीही आलं, की मान न वळवता ते एवढंच म्हणायचे. झाडणाऱ्या मावशी असोत, सुपरवायझर असो, नाहीतर खुद्द मालक. एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले आणि त्यातल्या एकाने कौतुकाने नानांच्या माऊसकडे बोट नेलं. नानांनी तेच वाक्य त्याच आवाजात सुनावलं. मालक हसले, पाहुणे हसले, आणि आम्ही खोलीतले सगळे खाली बघत बसलो.

अशी नाकावर राग असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना तऱ्हेवाईक म्हणून सोडून देतो. मीही दिलं होतं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय तेही काही प्रेम उतू चाललंय म्हणून नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिप्लोमा घेऊन कॉम्प्युटर विभागात लागलो. विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर आणि सात कॉम्प्युटर. त्यातला एक सीएनसी प्रोग्रॅमिंगच्या खोलीत नानांपुढे होता. नानांचं खरं नाव इथे सांगत नाही. छापलेलं त्यांना आवडलं नसतं.

नाना मूळचे घोटीकडचे, भाताच्या गावातले. लेथवर पंधरा वर्षं काढलेला, कानाने जॉबचं, म्हणजे मशीनवर चढवलेल्या तुकड्याचं, माप ओळखणारा टर्नर. एके दिवशी पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसचा माणूस आला नाही. "आजच्या दिवस उभे राहा," म्हणून नानांना तिथे उभं केलं. त्या एका दिवसात उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. कंपनीने मोठ्या मनाने सांगितलं, कॉम्प्युटरवर बसा, जमलं तर ठेवू. नाही जमलं तर काय, ते सांगायची गरज नव्हती. गेटवरची वॉचमनची खुर्ची खिडकीतून दिसायची.

नानांनी जमवलं. कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

सीएनसी, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर आपोआप चालणाऱ्या मशीनला, काय करायचं ते ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. अक्षरं थोडी, आकडे फार. हे लिहायला एक साधं एडिटर होतं, लिहा-खोडा एवढंच करणारं. पण ते सुरू होताना आधी एक छोटी फाइल वाचायचं आणि त्यात जसं सांगितलं असेल तसं वागायचं. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे त्या फाइलमध्ये आपल्याला हवं तसं ठरवता यायचं. आम्हा शिकलेल्यांपैकी कुणी ती फाइल कधी उघडली नव्हती. नानांनी उघडली. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी एडिटरचं इंग्रजी माहितीपुस्तक वाचलं आणि अख्खा कीबोर्ड डाव्या हाताखाली आणला. डावीकडच्या नऊ अक्षरांवर एक ते नऊ आकडे, स्पेसबारवर शून्य, टॅब म्हणजे पुढची ओळ. उजव्या अंगठ्याने एक बटण दाबलं की तीच अक्षरं पुन्हा अक्षरं. आणि उजव्या करंगळीकडे एकच काम, दशांशाचं टिंब.

चार वर्षं ती फाइल वाढत होती. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर नानांनी रोमन अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती. 'अंगठा दुखतो, हे इकडे घेतलं.' 'हे चुकून दाबलं जातं, बंद.' 'थंडीत करंगळी आखडते, बटण जवळ आणलं.' एवढं करून नाना आमच्यात सगळ्यात वेगाने प्रोग्रॅम लिहायचे.

एकदा नाना जेवायला गेलेले असताना परचेसचा एक गडी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसला. स्वतःचं नाव टाइप करायला गेला तर पडद्यावर आकडेच आकडे. "व्हायरस! व्हायरस!" करत तो माझ्याकडे धावत आला. मी जाईपर्यंत नाना परतले होते. त्यांनी त्या गड्याला कॉलर धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच बाहेर काढलं आणि माझ्यावर घसरले, "तू रे इंजिनेर? माझ्या मशीनवर माणसं बसवतो व्हय? डिप्लोमा काय माऊस धरायचा केला का?"

सगळ्यांसमोर. मी तेवीस वर्षांचा होतो आणि ते मला लागलं. मी मनात ठेवलं. हे पुढे कामाला येईल, म्हणून सांगून ठेवतो.

पण त्याच माणसाने एकदा मला आपणहून खुर्ची दिली. डिसेंबरचे दिवस होते. थंडीने करंगळी आखडायची आणि टिंब सुटायचं. टिंब सुटलं की मशीन तो आकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतं, पन्नास मिलिमीटरचं जवळजवळ शून्य होतं, आणि कापणारं टूल थेट फिरत्या जॉबमध्ये घुसतं. नाना प्रत्येक प्रोग्रॅम तीनदा वाचायचे. त्या दिवशी चौथ्यांदा वाचत होते.

"इंजिनेर, बस हितं. टिंब नसलं तर वरडलं पायजे ह्यानं. जमंल का?"

मला दोन दिवस लागले. कंस, चौकटी, उलट्या रेघा यांनी भरलेली एकच ओळ, पण ज्या आकड्यात टिंब नसेल ती अख्खी ओळ पडद्यावर लाल व्हायची. नानांनी मुद्दाम एक आकडा टिंबाविना टाकला. ओळ लालभडक झाली. नाना हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या एकाच वेळी.

"राखण बसवली बघ तू. चहा सांग. नाय, मीच सांगतो."

त्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी टीप लिहिली, 'इंजिनेरची ओळ.' मग म्हणाले, "ही सगळी फाइल उडाली तर माझा हात गेला परत. तुझ्याकडं एक कॉपी राहू दे."

"करतो, नाना."

पुढे दोनेक वेळा त्यांनी विचारलं, "कॉपी हाय ना रं?" मी म्हणालो, "आहे, आहे." नव्हती. करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मग पुण्याहून नवे साहेब आले. क्वालिटीच्या सर्टिफिकेटसाठी तपासणी व्हायची होती. साहेबांनी फळ्यावर चौकोन काढून समजावलं की कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूला एक जागा आणि प्रत्येक कॉम्प्युटर एकसारखा. मला हुकूम मिळाला, सगळे कॉम्प्युटर पुसा, नव्याने भरा, सेटिंगला कुलूप लावा.

साप्ताहिक सुटीच्या दिवशी मी एकटा ते करत बसलो. नानांच्या कॉम्प्युटरपाशी आलो तेव्हा मला काय वाटलं, ते खरं सांगतो. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणी 'हात लावायचा नाय' म्हणणारं नव्हतं. मी पाय पसरून त्यांच्या खुर्चीत बसलो. सगळे मशीनचे प्रोग्रॅम नीट सर्व्हरवर उतरवून घेतले. त्यांच्या नावांना एकच शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, होतं, ते टाकलं की सगळे एका झटक्यात कॉपी व्हायचे. सेटिंगच्या फाइलीला ते शेपूट नव्हतं. ती मागे राहिली आणि मी डिस्क पुसली.

दुसऱ्या दिवशी नाना येऊन बसले. डावा हात ठेवला, बटणं दाबली. पडद्यावर आकड्यांऐवजी अक्षरं. त्यांनी एडिटर बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"कुणी हात लावला?"

"नाना, साहेबांनी सांगितलं होतं. सगळे एकसारखे—"

"बरं. कॉपी हाय ना तुझ्याकडं?"

ते मला ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिलो. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ओरडले ते साहेबांच्या केबिनमध्ये. मला साक्षीला बोलावलं होतं. साहेब म्हणत होते, "तुम्हाला दिलं तर उद्या दहा जण वेगळं मागतील. नियम म्हणजे नियम." नानांनी टेबलाच्या काचेवर उजवा हात ठेवला, अंगठा आणि करंगळी पसरून.

"समदे सारखे करायचेत ना साहेब? मंग आधी ह्ये सारखं करा."

साहेबांनी हाताकडे बघितलं नाही. कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टेक्निकली तुझं काय मत?" माझं मत एका वाक्याचं होतं. एका कॉम्प्युटरवरचं कुलूप काढायला दोन मिनिटं लागतात आणि त्याने तपासणीचं काहीही बिघडत नाही. मी म्हणालो, "सर, तुम्ही म्हणाल तसं."

मला राग येतो तो याचा. साहेबांचा येतोच. ज्यांनी माणसाला एका दिवसासाठी प्रेसवर उभं केलं त्यांचा येतो. पण ते लोक मला आठवतात तेव्हा माझा आवाज चढतो, आणि हे वाक्य आठवतं तेव्हा आवाज फुटत नाही.

त्यानंतर नाना शिफ्टच्या आधी अर्धा तास येऊ लागले. शाळेची दोनशे पानी वही उघडून कीबोर्डवर काहीतरी बडवत बसायचे. मी लांबून बघायचो. काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं होतं. कुलूप फाइलीला होतं, पण एडिटर चालू असताना एकेक हुकूम हाताने दिला तर ते ऐकायचं आणि बंद केलं की विसरायचं. म्हणजे जे काम फाइल क्षणात करायची, ते नाना रोज सकाळी आठवून आठवून, ओळीओळीने, त्या हाताने करत होते. मी जवळ गेलो नाही. लाज वाटली म्हणा, किंवा ते काय म्हणतील याची भीती. वेगळं असं काही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी, नानांच्या प्रोग्रॅममध्ये एक टिंब सुटलं. टूल जॉबमध्ये घुसलं. आवाज आमच्या खोलीपर्यंत आला. ऑपरेटर मशीनच्या दरवाजाच्या काचेमागे होता म्हणून वाचला, पण मशीन महिनाभर बंद राहिलं. चौकशी पाच मिनिटांत आटोपली. साहेबांनी कागदावर लिहिलं की संबंधित कर्मचारी हाताच्या मर्यादेमुळे या कामास योग्य नाही. त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

नाना गेटवर गेले. येणाऱ्या ट्रकचे नंबर डाव्या हाताने रजिस्टरात लिहायचे. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघायची, तशी माझीही बघायचे. "डबा उघड." मी डबा उघडायचो. "जा." वर्षभर आमचं एवढंच बोलणं झालं. मी एकदा म्हणालो, "नाना, माझं चुकलं." ते म्हणाले, "डबा उघड."

मग त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी गेटवरच्या नव्या गड्याने नियमाप्रमाणे नानांचीच पिशवी तपासली. आत ती वही होती. पानापानावर कॉम्प्युटरची भाषा बघून तो घाबरला आणि कंपनीचे कागद आहेत का ते ठरवायला त्याने मला बोलावून घेतलं.

मी गेलो. नाना रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मी वही उघडली. डाव्या हाताचं वाकडंतिकडं, पण नेटकं अक्षर. सगळ्या ओळी होत्या. आकडे, स्पेसबार, टॅब, अंगठ्याचं बटण. प्रत्येकीच्या डोक्यावर टीप. चार वर्षांची फाइल त्या माणसाने डोक्यातून उतरवून काढली होती.

शेवटच्या पानावर मात्र एक जागा कोरी होती. वर टीप होती, 'टिंब नसेल तर लाल.' आणि कोऱ्या जागेपुढे लिहिलं होतं, 'ही इंजिनेरला विचारायची.'

त्या तीन आठवड्यांत ते रोज अर्धा तास माझ्यापासून वीस पावलांवर बसत होते. बाकी सगळं त्यांचं होतं, ते त्यांना आठवलं. ती एकच ओळ माझी होती. त्यांनी विचारली नाही, आणि मी तिथे जाऊन बसलो नाही.

"कंपनीचं नाहीये," मी त्या गड्याला सांगितलं. "यांचं आहे."

"झालं बघून?" नानांनी अंगठा आणि करंगळीत वही धरली, पिशवीत टाकली आणि घोटीच्या गाडीसाठी ते रस्ता ओलांडून गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत. पुढे ते वारले असं कुणीतरी सांगितलं.

ते एडिटर आता कुणी वापरत नाही. ती ओळ मला अजून पाठ आहे, शेवटच्या कंसापर्यंत.