बिनरंगी कॅमेरा द्यावा की ठेवावा

किस्से काही जमवावे लागत नाहीत. दुकान उघडायचं, दोन जास्तीच्या खुर्च्या टाकायच्या आणि चहावाल्याला हाक मारायची. बाकीचं लोक बघतात. नागापूर एमआयडीसीच्या रस्त्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. कारखान्यात नव्यानं लागलेली मंडळी गेटपासच्या फोटोला येतात, सिझनला लग्नाच्या ऑर्डरी असतात. पण आमच्या कट्ट्यावरचे निम्मे किस्से एकाच वस्तूवरून निघतात, माझ्या ब्लॅक अँड व्हाइट कॅमेऱ्यावरून.

डिजिटल आहे हो, रोलचा नाही! पण रंगीत फोटो त्यात निघतच नाही. कंपनीनं आत रंगाची सोयच ठेवलेली नाही. फोकसही हातानं करायचा. वरच्या छोट्या खिडकीतून बघितलं की समोरचा माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवत दोघांचा एक झाला, की बटण दाबायचं. सेकंडहँड घेतलाय. रंगीत कॅमेरे पोटापाण्याचे, हा जिवाचा.

आता त्याची बॅटरी मिळेनाशी झालीय, मागचा स्क्रीन मंद पडलाय. पुण्याचा कॅमेरेवाला सारखा फोन करतो, "जुना द्या, नवीन मॉडेल घेऊन जा." जुना ठेवून नवा घेण्याची माझी ऐपत नाही. आणि जुना बंद पडला तर दुरुस्त करणारा कुणी नाही. त्यामुळे सध्या कट्ट्यावर एकच विषय आहे.

*

हा कॅमेरा घेतला त्याच सिझनला सुप्याजवळ एका वस्तीवर हळदीची ऑर्डर होती. रंगीत फोटो भरपूर काढले, मग हौस म्हणून चार फोटो यानंही काढले. आणि नवरीच्या आईला कौतुकानं नेमके तेच दाखवले!

बाईंनी स्क्रीन जवळ नेला, लांब धरला. म्हणाल्या, "भाऊ, पोरीला हळद लावलीय का राख फासलीय?"

सगळा मांडव हसला आणि मी कॅमेरा गुपचूप पिशवीत घातला. पण परवा ती नवरी मुलाचा फोटो काढायला आली होती. म्हणाली, "रंगीत अल्बम कपाटात हाय. भितीवर तुमचा राखंचाच फोटू लावलाय. त्यात आई लई हसतीय माजी."

*

पाटोळे सर म्हणजे आमच्या कट्ट्याचे अध्यक्ष. मिशनच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यांच्या निरोप समारंभाला मी स्टेजखाली रंगीत कॅमेरा घेऊन उभा होतो, म्हणून हा विलासच्या हातात दिला. विलासचं शेजारीच लेथचं वर्कशॉप आहे. हात सरळ, नजर पक्की. म्हटलं, जमेल.

सरांचं भाषण संपेपर्यंत विलास फोटो काढत होता. नंतर बघतो तर सगळे फोटो काळेकुट्ट! पठ्ठ्यानं लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं. या कॅमेऱ्याची हीच गंमत आहे. बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं.

विलास तोंड पाडून बसला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, माझ्या भाषणानं लोकांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते हे मला माहीत होतं. पुरावा आज मिळाला!"

*

त्यानंतर विलासनं कॅमेऱ्याचा धसका घेतला. मीच त्याला धरून शिकायला बसवलं. समोर सर खुर्चीत.

"रिंग फिरव. दोन सर दिसतायत ना? एक झाले की सांग."

बराच वेळ गेला. "व्हत न्हाईत."

मी घेऊन बघितलं तर सर व्यवस्थित एक! पुन्हा त्याच्याकडे दिला. "न्हाई रे, दोनच हायेत." कॅमेरा खाली ठेवून तोच डोळा उघडा ठेवायला सांगितलं, तरी सर दोनच! मग मात्र हसू थांबलं आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. लेथवर काम करणारा माणूस, बोटं मशीनपासून किती लांब असतात ते तुम्हीच बघा.

डॉक्टरांनी विचारलं, "कुणी पाठवलं तुम्हाला?"

विलास म्हणाला, "कॅमेऱ्यानं."

ऑपरेशन झालं, आज त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. रोज चहाचा कप धरताना ती मला दिसतात आणि या जुन्या डब्याचे उपकार वाटतात. खरंच वाटतात, उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही.

*

बायकोला विचारलं, नवा घेऊ का? शैला कणीक मळत होती.

"नव्यात रंग येतात का?"

"नाही."

"मग काय येतं?"

म्हटलं, "काळा जास्त काळा येतो. बारीकसारीक सगळं दिसतं."

"मग आपली कढई एकदा नीट बघा. पुण्याला जायला नको!"

*

शेवटी कॅमेरेवालाच नवीन मॉडेल घेऊन दुकानात आला. काउंटरवर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. नवा इतका देखणा, की माझं मन खरंच डळमळलं. तेवढ्यात देहरे गावच्या एक आजी आल्या. पिशवीतून त्यांनी नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो काढला. जुना, ब्लॅक अँड व्हाइट.

"मालक गेले माजे. त्यांच्या शेजारी लावायला माजा बी असाच काढा. रंगीत नको. हे असे, अन् मी शेजारी रंगीत बसले तर लोक म्हनतील, म्हातारा गेला अन् म्हातारी रंगली!"

कॅमेरेवाल्याला संधीच मिळाली. "दोन्हींवर काढा. आजी ज्यातला फोटो घेतील तो कॅमेरा तुमचा. मग माझा फोन येणार नाही."

मी तयार झालो. आजी ताठ बसल्या. एक जुन्यानं काढला, एक नव्यानं, आणि दोन्ही कॉम्प्युटरवर लावले. आधी जुन्यातला दाखवला.

आजींनी मान डोलावली. "हां. ही मी."

मग नव्यातला. सुरकुतीन् सुरकुती, हनुवटीवरचा केससुद्धा मोजून घ्यावा असा. कॅमेरेवाला खुशीत माझ्याकडे बघायला लागला. आजी मात्र पुढे सरकल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ही तर माजी आय हाय," त्या म्हणाल्या. "जावयाच्या शेजारी सासू बसवता व्हय?"